ॲब्लेशननंतर एएफ परत आलं तर? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएफ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून नाडी अनियमित धडधडणं, आणि ॲब्लेशन म्हणजे तो बिघाड पेटवणाऱ्या जागांना आतून डाग देणं किंवा त्या गोठवणं. ॲब्लेशन मी करत नाही. ते हृदयाच्या लयीचे तज्ज्ञ करतात, इंदूरला, अहमदाबादला, किंवा मुलगा पुण्यात असेल तर पुण्याला. मी रामबागेतली फिजिशियन. माझ्याकडे पेशंट येतात ते नंतर, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, परत आलं हो." त्या दोन शब्दांत पैसे, मुलांची रजा, प्रवास, आशा असं सगळं बुडाल्याचा सूर असतो. गेल्या काही वर्षांत हीच वाक्यं इतक्या घरांतून ऐकली की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. तुमच्या तज्ज्ञांचा सल्ला यापेक्षा वेगळा असेल तर त्यांचं ऐका, कारण तुमचं हृदय आतून त्यांनी पाहिलेलं आहे.

महिनाच झालाय आणि पुन्हा धडधड सुरू. सगळं फुकट गेलं का?

नाही. पहिल्या काही आठवड्यांतल्या धडधडीवरून निकाल लावायचा नसतो. ज्या जागी डाग दिले किंवा गोठवलं, तिथं सूज असते, जखम भरत असते, आणि चिडलेला स्नायू अधूनमधून उसळतो. आधी हा सवलतीचा काळ तीन महिन्यांचा धरत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतात तो आठ आठवड्यांवर आणला गेला. या काळात एएफ आलं तर औषध देतात, थांबत नसेल तर शॉक देऊन लय सरळ करतात, पण "ॲब्लेशन फसलं" असा शिक्का मारत नाहीत.

तरीही खोटा धीर देणार नाही. सुरुवातीला ज्यांना धडधड झाली त्यांच्यात पुढेही ती येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. दुसऱ्या आठवड्यातल्या धडधडीपेक्षा दहाव्या आठवड्यातली धडधड मला जास्त काळजीची वाटते.

मुळात केलं काय होतं, आणि बंद केलेलं परत सुरू कसं होतं?

हे समजलं की निम्मी भीती जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा म्हणजे डावं अलिंद. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या साधारण चार शिरा त्यात उघडतात. या शिरांच्या तोंडाशी हृदयाचा स्नायू बाहीसारखा थोडा आत शिरलेला असतो, आणि तोच खोडकर असतो. १९९८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरात मिशेल ऐसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ पेशंटच्या हृदयात एएफ पेटवणाऱ्या ६९ जागा शोधल्या. त्यांतल्या ९४ टक्के याच शिरांत निघाल्या. आजचं ॲब्लेशन त्या शोधावर उभं आहे. शिरेच्या तोंडाभोवती डागांचं पूर्ण कडं करायचं, म्हणजे आत कितीही ठिणग्या उडाल्या तरी त्या अलिंदात येणार नाहीत.

आपल्या माळव्यात ज्यांची शेती आहे त्यांना कुंपण वेगळं सांगायला नको. शंभर खांब पक्के असले आणि एकाच जागी तार ढिली राहिली तरी रोजडे, म्हणजे नीलगायी, तिथूनच शेतात घुसतात. अलिंदाची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. टेबलावर असताना सुजलेला, बधिर झालेला स्नायू मेल्यासारखा वागतो, वीज पुढे जाऊ देत नाही. सूज उतरल्यावर त्यातला काही भाग पुन्हा जिवंत होतो, कड्यात फट पडते आणि शीर पुन्हा जोडली जाते. परत आलेल्या एएफचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. दुसऱ्यांदा आत गेल्यावर एखादी तरी शीर जोडली गेलेली बहुतेक वेळा सापडते.

दुसरं कारण वेगळ्या जातीचं. वर्षानुवर्षं एएफ, वाढलेलं बीपी, वजन, वय यांमुळे अलिंद ताणलं जातं, त्यात तंतू वाढतात, आणि मग शिरा बंद असूनही स्नायूच स्वतः लय बिघडवतो. तिथं जास्त जाळलं की जास्त फायदा, असं वाटणं साहजिक आहे. पण २०१५ च्या स्टार एएफ दोन या अभ्यासात, सतत एएफ असणाऱ्या ५८९ पेशंटमध्ये, शिरांखेरीज आणखी रेषा ओढून किंवा आणखी जागा जाळून फायदा दिसला नाही.

नवीन पल्स्ड फील्ड पद्धतीनं केलं असतं तर परत आलंच नसतं ना?

असं नाही म्हणता येणार. त्यात उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी पेशी मारतात, वेळ कमी लागतो आणि अन्ननलिकेसारख्या शेजारच्या अवयवांना धोका कमी दिसतो. पण २०२३ च्या ॲडव्हेंट अभ्यासात वर्षभरातलं यश नव्या पद्धतीत ७३ टक्क्यांच्या आसपास आणि जुन्यात ७१ च्या आसपास होतं. तेव्हा "आपण जुनी पद्धत घेतली म्हणून चुकलं" ही बोचणी मनातून काढून टाका.

किती जणांना परत येतं? खरं सांगा.

अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये एका ॲब्लेशननंतर वर्षभर मोकळे राहणारे साधारण दहात सात. कायम टिकून बसलेल्या एएफमध्ये त्याहून कमी. लांबचा हिशेब २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मिळतो. काही वर्षांनंतर पाहिलं तर एका प्रोसीजरनंतर सुमारे ५३ टक्के मोकळे होते, आणि गरजेप्रमाणे पुन्हा केलेल्यांत हा आकडा ८० च्या जवळ गेला.

पण हे आकडे ऐकून घाबरण्याआधी "परत आलं" याची व्याख्या विचारा. वैद्यकीय अभ्यासांत फक्त ३० सेकंदांचं एएफ नोंदलं गेलं तरी ते "परत आलं" धरतात. आधी आठवड्यातून तीन रात्री पहाटेपर्यंत छाती धरून बसणारा माणूस आणि आता वर्षातून एकदा अर्धा मिनिट फडफड होणारा माणूस, दोघे त्या तक्त्यात एकाच रकान्यात जातात. २०१९ मध्ये कॅनडातल्या सर्का-डोस अभ्यासात ३४६ पेशंटच्या त्वचेखाली नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. वर्षभरात जवळजवळ निम्म्यांना काही ना काही "परत आलं". आणि तरीही, एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून जास्त कमी झाला होता. माझ्याकडे चेहरा पाडून आलेल्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगते. किती वेळा आलं यापेक्षा किती वेळ राहिलं आणि त्या वेळात तुम्हाला जिना चढता आला का, हे जास्त महत्त्वाचं.

धडधडलं म्हणजे एएफच का?

नाही. अर्ध्याहून अधिक फोन मला याचेच येतात, आणि फोनवर कोणालाच ते ओळखता येत नाही. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं, काळजीनं नाडी वाढणं, रक्त कमी असणं, थायरॉइड, यांतलं काहीही असू शकतं. ॲब्लेशननंतर आणखी एक प्रकार होतो, अलिंदातल्या विजेचं एकाच वाटेवर गोल गोल फिरणं. त्यात नाडी वेगात पण घड्याळासारखी नियमित चालते, कित्येकदा १३० ते १५० वर अडकून बसते आणि बसल्या जागी कमी होत नाही. "नाडी नियमित आहे म्हणजे एएफ नाही, म्हणजे ठीक आहे," असं समजून एक काका चार दिवस घरात थांबले. चौथ्या दिवशी पायांवर सूज घेऊन आले.

म्हणून धडधड चालू असतानाच ईसीजी काढा. थांबल्यावर काढलेली पट्टी सुंदर येते आणि काही सांगत नाही. जवळ कुठे चोवीस तास ईसीजी निघतो ते आजच पाहून ठेवा. मनगटावरच्या घड्याळात ईसीजीची सोय असेल तर ३० सेकंदांची पट्टी काढून पीडीएफ जपून ठेवा. घड्याळाच्या नुसत्या "अनियमित" या इशाऱ्यापेक्षा ती पट्टी कितीतरी उपयोगाची. घरचं बीपीचं मशीन एएफमध्ये चुकीचे आकडे देऊ शकतं, तेव्हा तीनदा मोजून सरासरी लिहा.

याची दुसरी बाजूही आहे. ॲब्लेशननंतर कित्येकांना एएफ येतं आणि काही कळतच नाही. त्यामुळे बरं वाटत असलं तरी तज्ज्ञांनी सांगितलेलं होल्टर, म्हणजे अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र, चुकवू नका.

आधी नाडी ६८ असायची, आता बसल्या बसल्या ८२. बिघडलं का?

नियमित असेल तर बहुधा नाही. शिरांच्या तोंडाजवळच नाडी हळू ठेवणाऱ्या मज्जातंतूंचे गुच्छ असतात, त्यांना ॲब्लेशनमध्ये थोडा चटका बसतो. काही महिने नाडी दहा-पंधरानं वाढलेली राहते.

रक्त पातळ करण्याची गोळी कधी बंद करायची? ॲब्लेशन झालंच आहे ना आता.

या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ॲब्लेशन केलं जातं ते त्रास कमी व्हावा म्हणून, काहींमध्ये हृदयाची ताकद वाचावी म्हणून. गोळी दिली जाते ती अलिंदाच्या कोपऱ्यात गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून. एकाचा निकाल लागला म्हणून दुसरी आपोआप थांबत नाही. ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ती सगळ्यांनाच घ्यावी लागते, कारण आतली ताजी जखम स्वतःच गुठळीला निमंत्रण असते. त्यानंतर चालू ठेवायची की नाही हे तुमच्या धोक्याच्या गुणांवर ठरतं, धडधड होते की नाही यावर नाही. हृदयाची कमजोरी, बीपी, मधुमेह, धमन्यांचा आजार यांचा एकेक गुण, ६५ ते ७४ वयाचा एक, ७५ पूर्ण झाल्यावर दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. मराठी घरांत साठीपुढे बीपी आणि शुगर नसलेला माणूस शोधावा लागतो. म्हणजे गोळी चालू ठेवण्याइतके दोन गुण बहुतेकांचे भरतातच.

वर्षभर खरोखर मोकळे राहिलेल्या आणि कमी धोका असलेल्या निवडक पेशंटमध्ये गोळी थांबवता येईल का, यावर अलीकडे चांगले अभ्यास झाले आहेत, आणि त्यांचा सूर आश्वासक आहे. पण ते ज्यांना परत आलं नाही त्यांच्यासाठी. ज्याला पुन्हा एएफ आलं आहे त्यानं मनानं गोळी बंद करणं म्हणजे पावसाळ्यात छत काढून ठेवणं.

एक मावशी मला आठवतात. धडधड पूर्ण थांबली, हिरड्यांतून थोडं रक्त आलं, शेजारच्या कोणी सांगितलं "आता कशाला ती गोळी." पाच महिन्यांनी उजवा हात उचलेना. त्यांच्या मुलानं मला विचारलं, "पण एएफ तर गेलं होतं ना?" त्यांना न जाणवता ते येत-जात होतं.

गोळीबाबत रोजच्या दोन-तीन चुका सांगते. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी रिव्हरॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला, नवरात्रात साबुदाण्याची खिचडी खाल ना, तेव्हा घ्या. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा असते, रात्रीची सर्रास विसरली जाते. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून या गोळ्यांबरोबर घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि हेही लक्षात घ्या की शॉक देऊन लय सरळ करायची वेळ आली तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "गेल्या तीन आठवड्यांत एकही गोळी चुकली नाही ना?" चुकली असेल तर आधी अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना ते पाहावं लागतं.

माझा व्हॉल्व्ह लहानपणीच्या संधिवाती तापानं अरुंद झालाय. मलाही याच नव्या गोळ्या?

नाही. मायट्रल व्हॉल्व्ह बऱ्यापैकी अरुंद असेल तर रक्त पातळ करणारं जुनं औषधच, म्हणजे ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी) २ ते ३ मध्ये. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा पेशंटमध्ये जुनं औषधच सरस ठरलं. पालक-मेथी बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. लय सांभाळणारं अमिओडॅरोन हे औषध सुरू झालं तर आयएनआर वाढतो, लवकर लवकर तपासा.

कोणत्या लक्षणांना थांबायचं नाही?

बेशुद्ध पडणं, छातीत दाटून येणं, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं. यांत १०८ ला फोन करा आणि सोबत गोळीचं पाकीट न्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे सांगणं पक्षाघाताच्या उपचारात फार मोलाचं असतं.

एक लक्षण मात्र घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही सुचत नाही. उष्णतेनं केलेल्या ॲब्लेशननंतर पहिल्या साधारण दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा अचानक मेंदूची लक्षणं आली, तर अलिंद आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं. फार दुर्मीळ, हजारांत एखाद्याच्या आतबाहेर, पण वेळेत नाही ओळखलं तर जीव जातो. पावसाळ्यात इंदूरला घरोघरी ताप असतो आणि अशा पेशंटचं रक्त डेंग्यूसाठी पाठवून दोन दिवस घालवले जातात. जिथं जाल तिथं पहिलं वाक्य हेच बोला, "मागच्या महिन्यात माझं एएफचं ॲब्लेशन झालंय." गिळताना दुखतंय म्हणून एंडोस्कोपी करू म्हणाले तर थांबवा आणि ॲब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या. अशा संशयात छातीचा सीटी स्कॅन करतात. एंडोस्कोपीत भरलेल्या हवेनं घात होऊ शकतो.

काही महिन्यांनी वाढता खोकला, धाप किंवा थुंकीतून रक्त आलं तर शीर आकसली आहे का हेही पाहावं लागतं.

खाण्यापिण्याचं काय? सराफ्याला, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचंच नाही का?

ॲब्लेशन टिकवण्याचं सगळ्यांत मोठं औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, ते वजनाच्या काट्यावर आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये २०१५ च्या लेगसी अभ्यासात ३५५ जाड एएफ पेशंटना पाच वर्षं पाहिलं. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सहापट अधिक निघाली. वजन पुन्हा पुन्हा वर-खाली झालेल्यांचा फायदा घटला. त्याच गटानं २०१४ मध्ये ॲब्लेशन झालेल्यांत वजन, बीपी, शुगर, झोप या सगळ्याकडे एकत्र लक्ष दिलं तर निकाल सुधारतो हे दाखवलं होतं. ८५ किलोच्या माणसानं साडेआठ किलो कमी करणं हा मला दुसऱ्या ॲब्लेशनइतकाच गंभीर उपचार वाटतो.

सराफ्याची माया मला कळते, मीही इथेच वाढले. पण रात्री अकराला भुट्ट्याचा कीस, गराडू, वर रबडी, आणि घरी येऊन लगेच आडवं होणं, यानंतर पहाटे धडधडीनं उठलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. महिन्यातून एकदा जा, सातला जेवढं उघडं असेल तेवढं खा, चालत परत या. सकाळच्या पोह्यांवर शेव चिमूटभर. बीपी असेल तर जीरावण (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) आणि लोणचं हातचं राखून.

दारूबद्दल मी कडक आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आठवड्याला दहा किंवा जास्त पेग घेणाऱ्या १४० एएफ पेशंटपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सोडणाऱ्या गटात ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, न सोडणाऱ्यांत ७३ टक्क्यांना. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, थंडाईतून भांग दिली जाते. भांगेनं नाडी भरधाव सुटते. नको म्हणा, घरच्यांनीही आग्रह करू नये.

आणि चहा?

प्या. दोन-तीन कप चहानं एएफ परत येतं असं दिसलेलं नाही. २०२५ मध्ये तर शॉक देऊन लय सरळ केलेल्या २०० पेशंटमध्ये रोज कॉफी पिणाऱ्यांना एएफ कमीच आलं. तुम्हाला स्वतःला चहानं धडधडत असेल तर मात्र स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवा.

हे रात्री फार घोरतात. त्याचा काही संबंध?

काकू, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, पेशंट स्वतः कधी सांगत नाही. घोरता घोरता श्वास थांबणं, मग दचकून उठणं, दिवसा पेंग येणं हा स्लीप ॲप्निया असू शकतो. त्यात प्रत्येक वेळी अलिंद ताणलं जातं, आणि उपचार न केलेल्यांत ॲब्लेशननंतर एएफ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. रात्रीचा एक व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा आणि झोपेची तपासणी करून घ्या.

परत गोळ्या, की दुसरं ॲब्लेशन?

कधीतरी, थोडा वेळ, सहन होण्याजोगं येत असेल तर घाई नको. ॲब्लेशनच्या आधी निकामी ठरलेली गोळी नंतर लागू पडलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे, कारण आता तिला कमी काम असतं. अमिओडॅरोन प्रभावी आहे, पण थायरॉइड, यकृत, फुप्फुस यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. "बरं वाटतं" म्हणून वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून ते घेत राहू नका.

त्रास मोठा असेल, सवलतीचा काळ संपून गेला असेल, आणि पट्टीवर ते सिद्ध झालं असेल तर दुसरं ॲब्लेशन रास्त आहे. शिरा पुन्हा जोडल्या गेल्या असतील तर फट बुजवतात आणि निकाल चांगला लागतो. सगळ्या शिरा बंद सापडल्या तर मात्र इतर जागा शोधाव्या लागतात आणि खात्री कमी होते. हे आधीच विचारा, "आत गेल्यावर शिरा बंदच निघाल्या तर तुम्ही काय करणार?" या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर मला आवडतो. जाताना पहिल्या प्रोसीजरचा पूर्ण अहवाल न्या, नुसता डिस्चार्ज कार्ड नको. कोणत्या ऊर्जेनं, कोणत्या शिरा, आणखी कुठे रेषा, हे त्यात असतं.

बाबा इंदूरला एकटे आहेत, मी पुण्यात. इथून मी काय करू?

रोज "कसं वाटतंय?" विचारू नका, ते "मजेत" म्हणणारच. रविवारी व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा आठवड्याचा डबा समोर भरायला सांगा, म्हणजे किती उरल्या ते दिसेल. वजन आणि बीपी तेव्हाच विचारा. घड्याळातली ईसीजीची पट्टी तुमच्या फोनवर यायची सोय करून ठेवा. शेजारच्या एका विश्वासू माणसाला ईसीजी कुठे निघतो ते प्रत्यक्ष नेऊन दाखवा. आणि बाबांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवा. ॲब्लेशनची तारीख, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव, डोस आणि वेळ, तुमचा नंबर. मोठ्या अक्षरांत, हिंदीत लिहा, कारण ती वाचणारा १०८ चा माणूस मराठी असेलच असं नाही.